कवटीतून परतलेला प्रकाश

व्याख्यानात वापरतात तो लाल लेझर पॉइंटर घ्या आणि चुन्याच्या भिंतीवर त्याचा ठिपका पाडा. कुणाच्याही डोळ्यात तो जाणार नाही एवढी काळजी घ्या. आता ठिपक्याकडे नीट पाहा. तो सपाट लाल दिसत नाही. त्यात बारीक दाणे दिसतात, काही लखलखीत तर काही पार काळे. मान थोडी डावीउजवीकडे केली की सगळे दाणे सरकतात. लेझर जागचा हललेला नसतो, भिंत तर नाहीच नाही.

हे दाणे भिंतीवर नसतातच. लेझरच्या प्रकाशातल्या सगळ्या लाटा एका तालात चालतात. लाल प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते, त्यामुळे आपल्याला गुळगुळीत वाटणारी भिंत त्या लाटांच्या मानाने डोंगरदऱ्यांची असते. खोलगट जागेवरून परतलेली लाट उंचवट्यावरून परतलेल्या लाटेच्या किंचित मागे पडते. अशा मागेपुढे झालेल्या असंख्य लाटा आपल्या डोळ्यातल्या पडद्यावर एकत्र येतात. जिथे त्यांचे चढ जुळतात तिथे लखलखीत दाणा उमटतो, आणि जिथे एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो तिथे काळा. शाळेत आपण व्यतिकरण म्हणून शिकलो ते हेच. इंग्रजीत या दाण्यांना स्पेकल म्हणतात.

थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथे १६ मे १९६० रोजी जगातला पहिला लेझर पेटवला आणि काही वर्षांतच या दाण्यांवर शोधनिबंध येऊ लागले. या परिणामाचं कुळ मात्र लेझरच्याही आधीचं आहे. बंगळुरात सी. व्ही. रामन यांच्याकडे शिकणाऱ्या जी. एन. रामचंद्रन यांनी १९४३ साली, बारीक कणांच्या थरातून पाहिल्यावर दिव्याभोवती जी वलयं दिसतात त्यांच्यातल्या चमचमीवर लेख लिहिला होता. पुढे कोलॅजेन या प्रथिनाची रचना उलगडून जगभर नाव झालेले रामचंद्रन ते हेच. लेझर आल्यावर मात्र या दाण्यांनी अभियंत्यांना फार छळलं. लेझरने घेतलेलं प्रत्येक चित्र त्यांच्यामुळे खरबरीत यायचं आणि ते घालवण्याचे उपाय शोधण्यात लोकांची वर्षं गेली. आज काही रुग्णालयांत तेच दाणे माणसाच्या कपाळावरून गोळा केले जातात आणि मेंदूच्या कुठल्या बाजूचं रक्त अडलं आहे हे त्यांच्यावरून ओळखण्याचे प्रयोग चालू आहेत.

कपाळावरून मेंदूतलं कसं कळेल, ही शंका साहजिक आहे. मध्ये हाडाची कवटी आहे, आणि डोकं म्हणजे प्रकाशाला बंद दार असं आपण धरूनच चालतो. पण अंधारात मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरला तर पंजा लालभडक उजळतो. पांढऱ्या प्रकाशातला निळा आणि हिरवा भाग रक्तातलं हिमोग्लोबिन गिळून टाकतं, लाल मात्र बराचसा पार होतो. लालच्याही पलीकडे, डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात शिरलं की हिमोग्लोबिनची भूक आणखी मंदावते. फार पुढे गेलं की शरीरातलं पाणी प्रकाश शोषू लागतं. या दोन अडथळ्यांच्या मध्ये, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या दरम्यान, एक खिडकी उघडी राहते. आपलं शरीर घडताना ही खिडकी कुणी मुद्दाम ठेवली नव्हती. पाणी आणि रक्त या दोन पदार्थांचे गुणधर्म असे जुळले की ती उरली, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त अचंबा याचाच वाटतो.

ती खिडकी डोक्यालाही आहे हे अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स योब्सिस यांनी दाखवलं. घरच्या जेवणात आलेलं बीफचं सपाट हाड त्यांनी उजेडासमोर धरलं आणि त्यातून लाल प्रकाश येताना दिसला. हाडातून येतो तर कवटीतून का येणार नाही? १९७७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. अवरक्त प्रकाश डोक्यातून पार करून मेंदूला प्राणवायू पुरेसा मिळतो आहे का, हे त्वचेला ओरखडाही न काढता पाहता येतं, असं त्यात होतं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९७४ मध्ये, जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या ठोक्यांवर आधारलेल्या ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं होतं. कोरोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावलेली ती छोटी चिमटी याच खिडकीतून रक्तात डोकावते.

ऑक्सिमीटर रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगतो. रक्त वाहतं किती वेगाने, हे त्याला सांगता येत नाही. आणि मेंदूच्या बाबतीत निकडीचा प्रश्न तोच असतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. साठा त्याच्याकडे जवळपास काहीच नाही. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागतं. हा पुरवठा २० च्या खाली उतरला की पेशी गप्प होतात, पण मरत नाहीत. हात लुळा पडतो, बोबडी वळते, तोंड एका बाजूला ओढलं जातं. पुरवठा आणखी घसरून दहाच्या आसपास आला की पेशी मरायला लागतात. अडलेल्या रक्तवाहिनीच्या टापूत मधला गाभा लवकर मरतो आणि त्याच्याभोवती अशा गप्प झालेल्या, पण अजून जिवंत असलेल्या पेशींचं कडं उरतं. डॉक्टर त्याला पेनंब्रा म्हणतात. पक्षाघाताच्या उपचाराची सगळी धावपळ या कड्यासाठी असते. अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला, की मोठी वाहिनी तुंबलेल्या सर्वसाधारण रुग्णात उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

वाहिनी मोकळी करायचे उपाय आहेत. गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत शिरेतून देता येतं. गुठळी एखाद्या मोठ्या धमनीत असेल तर त्या औषधाने ती बऱ्याचदा पुरती विरघळत नाही. तेव्हा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन ती गुठळी ओढून बाहेर काढतात. या पद्धतीने रुग्ण खरोखर सावरतात हे २०१५ मध्ये एकामागोमाग आलेल्या चाचण्यांनी सिद्ध केलं, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही तिचा फायदा होतो हे २०१८ पर्यंत स्पष्ट झालं. नुसत्या औषधावर जो अंथरुणाला खिळून राहिला असता तो माणूस काही दिवसांत स्वतःच्या पायांवर घरी जातो, असं या उपचारात घडू शकतं.

पण नळी घालून गुठळी काढणारी रुग्णालयं थोडी, तीही मोठ्या शहरांत. म्हणून खरा निर्णय अँब्युलन्समध्येच घ्यावा लागतो. जवळच्या दवाखान्यात न्यायचं की तो मागे टाकून थेट मोठ्या केंद्रात? चेहरा, हात आणि बोलणं तपासून गुण देण्याच्या पद्धती आहेत आणि त्या कामाच्याही आहेत, पण मोठी धमनी तुंबली आहे की छोटी, हे त्यांच्यावरून खात्रीने ठरत नाही. जर्मनीत होमबुर्ग इथे २००८ पासून सीटी स्कॅन यंत्र बसवलेली अँब्युलन्स रस्त्यावर आली. ही कल्पना फार मोलाची आहे आणि तिचा खर्चही तसाच मोठा आहे. अँब्युलन्समध्ये सहज मावेल आणि कपाळाला लावता येईल असं काही मिळालं तर? इथे दाण्यांचं काम सुरू होतं.

लेझरचा प्रकाश कपाळाच्या कातडीवर टेकवून आत सोडला की तो सरळ जात नाही. शरीरात त्याची दर मिलिमीटरच्या दहाव्या भागाला कशाशी तरी गाठ पडते. कधी पेशीचं आवरण, कधी केंद्रक, कधी एखादा तंतू, आणि प्रत्येक वेळी तो थोडा वळतो. काही मिलिमीटर आत गेल्यावर त्याला मूळ दिशाच उरत नाही. बहुतेक प्रकाश शोषला जातो किंवा भलतीकडून बाहेर पडतो. पण काही किरण कमानीसारख्या वाटेने कातडी, हाड, मेंदूचा वरचा थर असे फिरून पुन्हा कपाळावरच, तीनेक सेंटिमीटर अंतरावर, बाहेर येतात. आत सोडलेल्या प्रकाशाच्या मानाने असा परतणारा प्रकाश अत्यल्प असतो. ते तीन सेंटिमीटर पार करताना त्याने प्रत्यक्षात त्याच्या साधारण सहापट वाट कापलेली असते, वाटेत हजाराहून अधिक वेळा वळलेला असतो, आणि हा सगळा प्रवास एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात आटोपलेला असतो.

परतलेले हे किरण कॅमेऱ्यावर पडले की तिथेही दाणे उमटतात. भिंतीवर दिसले तसेच, पण एक मोठा फरक आहे. भिंत स्थिर होती. डोक्यात तांबड्या पेशी धावत असतात. किरण ज्या पेशीवर आपटून वळला ती पुढच्या क्षणी सरकलेली असते, त्यामुळे वाटेची लांबी किंचित बदलते, लाटांची जुळणी बदलते आणि दाणा लखलखीतचा काळा होतो. रक्त जितकं वेगाने वाहतं तितकी ही लुकलुक वेगाने चालते. प्रौढ माणसाच्या डोक्यात ती एवढी जलद असते की साध्या कॅमेऱ्याला एकेक दाणा टिपताच येत नाही.

आणि टिपायची गरजही नाही. फिरत्या पंख्याचा फोटो काढला तर पाती एकमेकांत मिसळून धूसर चकती दिसते, पंखा मंदावला की तीच पाती वेगळी दिसू लागतात. दाण्यांचंही तसंच. कॅमेऱ्याची झडप काही मिलिसेकंद उघडी ठेवली तर वेगाने लुकलुकणारे दाणे एकमेकांत मिसळून करडे होतात, आणि रक्त मंदावलं असेल तर ते ठसठशीत राहतात. मग फक्त एवढंच मोजायचं, की चित्रातल्या उजेड-काळोखातला फरक सरासरी उजेडाच्या मानाने किती आहे. हा आकडा लहान आला तर प्रवाह जोरात, मोठा आला तर प्रवाह मंद. ए. एफ. फर्चर आणि जे. डी. ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये ही युक्ती डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तप्रवाहासाठी मांडली. खोलवरच्या ऊतींसाठी लागणारं गणित पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्जुन योध आणि डेव्हिड बोआस यांनी १९९५ च्या सुमारास उभं केलं. त्यांच्या पद्धतीत प्रकाशाचा एकेक कण मोजणारे महागडे संवेदक लागत. नंतर मोबाइलमुळे कॅमेऱ्याच्या चिप स्वस्त आणि संवेदनशील होत गेल्या. अशा एका चिपवर लाखो पिक्सेल असतात, म्हणजे एकाच वेळी लाखो दाण्यांची सरासरी काढता येते. एकेका दाण्यात माहिती फार थोडी आणि गोंगाट फार असतो, पण एवढे दाणे एकत्र केले की हृदयाचा प्रत्येक ठोका मेंदूच्या प्रवाहात चढता-उतरता दिसतो.

मेरी लू जेप्सन यांनी २०१६ मध्ये ओपनवॉटर ही कंपनी सुरू केली ती याच वाटेवर. मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाच्या त्या सहसंस्थापक. ब्राऊन विद्यापीठात पीएचडी करत असताना त्यांच्या स्वतःच्या मेंदूत गाठ निघाली होती आणि ती शस्त्रक्रियेने काढावी लागली होती. त्यांच्या यंत्रात कपाळावर दोन्ही बाजूंना लेझर आणि कॅमेरे टेकवतात आणि डाव्या-उजव्या मेंदूच्या प्रवाहाची तुलना करतात. एकाच माणसाच्या डोक्याचे दोन अर्धे भाग ताडून पाहण्यात मोठी सोय आहे. वय, रक्तदाब, कातडीचा रंग, कवटीची जाडी हे सगळं दोन्हीकडे सारखंच असतं, त्यामुळे फरक दिसलाच तर तो रक्तवाहिन्यांचा असण्याची शक्यता वाढते. पक्षाघाताच्या संशयाने रुग्णालयात आलेल्या लोकांवर अमेरिकेत अशा मोजण्या झाल्या आहेत.

दुसरा प्रयोग मला याहूनही विलक्षण वाटतो, कारण त्यातले लोक आजारी नव्हते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले चांगह्वे यांग आणि साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले मेंदूशल्यचिकित्सक चार्ल्स लियू यांच्या गटाने २०२४ मध्ये ५० जणांच्या डोक्याला असंच छोटं यंत्र लावलं आणि त्यांना श्वास रोखून धरायला सांगितला. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि मेंदूतल्या वाहिन्या रुंदावून जास्त रक्त आत घेतात. तरुण, लवचीक वाहिन्या फुगून हा भार सामावतात. ज्यांना पक्षाघाताचा धोका प्रश्नावलीनुसार जास्त होता त्यांच्या वाहिन्या तेवढ्या फुगल्या नाहीत, त्यांच्यातून रक्त अधिक वेगाने धावलं. ताठर झालेली वाहिनी कातडीला ओरखडाही न काढता, केवळ प्रकाशाने ओळखू आली. कुणाला पुढे खरोखर झटका येतो हे पाहायला अशा लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घ्यावा लागेल, त्याशिवाय याला भाकीत म्हणता येणार नाही. पण वाहिन्यांचा ताठरपणा साध्या श्वासाच्या चाचणीत दिसतो, हे पाऊल छोटं नाही.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापर्यंतच पोचतो. खोल गाभ्यातल्या छोट्या धमन्या त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. परतणारा प्रकाश दोनदा कातडीतून जातो, त्यामुळे कातडीतलं रक्तही त्याच्यावर आपली खूण सोडतं. कानशिलाजवळची धमनी बोटाने दाबून कातडीतला प्रवाह थांबवायचा आणि मग उरलेला संकेत मेंदूचाच आहे का हे तपासायचं, असे प्रयोग त्यासाठी झाले आहेत. दाट केस प्रकाश अडवतात, म्हणूनच यंत्रं बहुधा कपाळावर बसतात. सर्वांत मोठी मर्यादा ही, की गुठळीमुळे रक्त अडलं आहे की वाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव झाला आहे, हे प्रवाहाच्या आकड्यावरून पक्कं सांगता येत नाही. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्राव असताना दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून सीटी स्कॅनची जागा हे यंत्र घेत नाही. रुग्णाला कुठल्या दारात न्यायचं, एवढंच ते सांगू पाहतं.

रक्तस्राव शोधण्याचं कामही प्रकाश करतो, पण वेगळ्या रीतीने. साठलेलं रक्त प्रकाश जास्त शोषतं, त्यामुळे त्या बाजूने कमी प्रकाश परततो. पेनसिल्व्हेनियाच्या ब्रिटन चान्स यांनी या तंत्राचा पाया घातला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकलेले शास्त्रज्ञ ते हेच. आपल्याकडे अहमदाबादच्या बायोस्कॅन रिसर्चने याच तत्त्वावर ‘सेरेबो’ हे हातात मावणारं यंत्र बनवलं आहे, डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी. त्याच्या विकासात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद सहभागी आहे.

अशा यंत्रांची गरज मोठ्या शहरांबाहेरही आहे. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली. त्यात सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताने झाले होते, एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के. पक्षाघाताने गेलेले हे लोक बहुतांशी घरीच वारले. अंगावरून वारं गेलं म्हणून तेलपाणी करत घरात निजवलेला माणूस आणि गुठळी काढणारं रुग्णालय यांच्यात तिथे नुसता रस्ता नाही, कित्येक तास असतात. गडचिरोली शहरापासून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, भामरागड तर त्याहून कितीतरी आत. आज जगात चाललेले प्रयोग मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत होत आहेत, आणि तिथून निघणारं यंत्र पहिल्यांदा अशाच शहरांतल्या अँब्युलन्समध्ये जाईल.

त्यात कातडीच्या रंगाचा प्रश्न आहे. बोटाचा ऑक्सिमीटर काळ्या कातडीच्या रुग्णांत धोकादायकरीत्या कमी झालेला प्राणवायू अधिक वेळा चुकवतो, हे अमेरिकेत २०२० मध्ये ठळकपणे पुढे आलं. त्या यंत्राचा वापर सुरू होऊन तोवर अनेक दशकं उलटली होती. दाण्यांच्या पद्धतीत लुकलुकीचा वेग मोजतात, प्रकाशाचं प्रमाण नाही, त्यामुळे रंगाचा परिणाम तुलनेने कमी असायला हवा. पण मेलॅनिनने प्रकाश शोषला की परतणारे किरण आणखी कमी उरतात आणि गोंगाट वाढतो. अशा कपाळावर ठसठशीत आणि करड्या दाण्यांतला फरक किती विश्वासाने कळतो, हे त्या कपाळावर मोजूनच ठरेल. उन्हात राबलेल्या, सावळ्या, घामेजलेल्या कपाळावर. बॅटरीवर चालणारं, तालुक्याच्या अँब्युलन्समधल्या डॉक्टरला दोन मिनिटांत बांधता येईल असं यंत्र हवं असेल, तर त्याच्या चाचण्यांच्या यादीत बॉस्टन आणि फिलाडेल्फियाच्या बरोबरीने गडचिरोलीतले एटापल्ली आणि धानोराही पहिल्या दिवसापासून असायला हवेत.